लाल धाग्याची बाजू बाहेर

वहिनी,

आतल्या खोलीत नाना खोकतायत. एक खोकला आला की माझी लेखणी थांबते आणि दुसरा येतो का याकडे कान लागतात. विचारलं की म्हणतात, "काही नाही रे, सुपारीचा कण अडकला." तू दम भरल्यापासून त्यांनी सुपारी सोडली आहे, हे ते विसरतात. मी विसरत नाही. मग मी उठतो, त्यांच्या दाराशी थांबून तोंडाला पट्टी बांधतो, लाल धाग्याची बाजू बाहेर, आणि नाक झाकलं की नाही ते बोटाने चाचपतो. चाचपल्यावर आठवतं की पट्टीच्या पुढच्या बाजूला बोट लावायचं नसतं. पुन्हा हात धुतो. तोवर नानांचा खोकला थांबलेला असतो आणि ते आतून विचारतात, "कोण आहे दारात? इतका वेळ काय करतोयस?"

तू असतीस तर हसली असतीस. म्हणाली असतीस, "भाऊजी, एवढ्या वेळात एक रोगी बरा झाला असता."

मला आज तुझ्यासाठी रडायचं आहे, पण सवड नाही. तुला नेलं त्या दिवसापासून लोणावळ्यात एक वाक्य फिरतंय. बाजारात ऐकलं, स्टेशनच्या फलाटावर ऐकलं, दवाखान्याच्या पायरीवरही ऐकलं: "बाईंनी तोंडाला बांधलं होतं, तरी गेल्याच की." लोकांनी तुझी तिरडी पाहिली आणि तिरडीवर तुझ्या तोंडाला पट्टी होती, एवढं त्यांना पुरलं. दवाखान्याच्या झाडूवाल्याने आपली पट्टी काढून खुंटीला अडकवली. रेल्वेच्या चाळीत पेज आणि औषध घेऊन जाणारी आमची पोरं कालपासून मोकळ्या तोंडाने जातायत. आणि मळवलीच्या वरच्या वाडीतली तुझी चिमामावशी, जिला पट्टी बांधायला शिकवता शिकवता तुझा घसा बसला होता, ती वाडीतल्या तापाच्या घरांतून उघड्या तोंडाने फिरतेय असं दूधवाला सांगून गेला.

ते वाक्य खोटं आहे आणि ते खोटं असल्याचं एका घराबाहेर फक्त मला, आणि माझ्याकडून नानांना, ठाऊक आहे. तू पट्टी काढली होतीस. तापाने फणफणलेल्या मुलीवर वाकताना काढली होतीस. मी दारात तुझी पेटी धरून उभा होतो.

हे सांगितलं तर काही माणसांच्या तोंडावर पट्टी परत येईल. पण मग तुझ्याबद्दल लोक काय बोलतील तेही मला माहीत आहे. आयुष्यभर तू ज्या तोंडांशी झगडलीस तीच तोंडं बोलतील. म्हणून आधी तुला विचारतोय. तू उत्तर देणार नाहीस, तरी विचारतोय.

*

आपल्या घरात मुलं पाटीवर मुळाक्षरं शिकली नाहीत; मी तरी पत्रकांवर शिकलो. नानांच्या खोलीत छापखान्यातून आलेले गठ्ठे असायचे, आणि मी त्यावरचं एकेक अक्षर बोटाने जुळवत वाचायचो. मी सबंध वाचलेलं पहिलं पत्रक होतं 'विधवेने तोंड का लपवावे?' तेव्हा मला विधवा म्हणजे काय हेही नीट कळत नव्हतं. दादा प्लेगाने गेला त्या वर्षीची गोष्ट. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते आणि दादाजवळ तू एकटी बसली होतीस. तुझ्या माहेराहून विधवेने नेसायचं लाल आलवण आलं, न्हाव्याला निरोप गेला, आणि नानांनी न्हाव्याला ओटीवरूनच परत पाठवलं. आलवण ट्रंकेच्या तळाशी गेलं. तू पुण्याला रुग्णसेवा शिकायला गेलीस आणि परत आलीस ती लोणावळ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई होऊन.

नानांनी ते पत्रक लिहिलं, पण ते जगावं लागलं तुला. सकाळी तू दवाखान्याला निघालीस की कोणी कोणी दार लोटून घ्यायचे. एकदा कोणी तरी कामाला निघालेला गृहस्थ तुला पाहून परत फिरला होता, त्याला तू हाक मारून म्हणालीस, "अहो, जा, जा, उशीर होईल. मी काही गाडी नाही तुमची चुकायला." पदर खाली ओढायचा नाही, मान वळवायची नाही, वाट सोडायची नाही. घरी आलीस की मात्र आधी दार लावून घ्यायचीस आणि मगच पाणी प्यायचीस. ते मी पाहिलंय.

आणि मग या वर्षी मानमोडी आली. पाऊस अर्ध्यावर सोडून गेला, भात पोचट राहिलं, आणि त्याच सुमाराला मुंबईहून येणाऱ्या गाड्यांमधून हा ताप उतरला. माणूस सकाळी कामावर, संध्याकाळी अंथरुणात, आणि पुढे काय ते सांगता येत नाही. दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं की रोग्याजवळ जाणाऱ्याने नाक-तोंड कापडाने बांधावं, कारण खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांत रोगाचे जंतू असतात. मी ते ऐकलं आणि त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'तोंड बांधा, हात धुवा, जीव वाचवा.' मला वाटलं होतं तू शाबासकी देशील.

तू कागद वाचलास, घडी केलीस आणि नानांच्या समोर ठेवलास. "बाप म्हणतो तोंड उघडं ठेव, मुलगा म्हणतो बांध. तुम्ही बापलेक आधी एकदा ठरवा, मग मला पत्रक द्या."

नाना हसता हसता थांबले. मी रागावलो. म्हणालो, "वहिनी, हे लपवणं नाही. हे शास्त्र आहे."

"शास्त्रच होतं ते पण," तू म्हणालीस. "आलवण काय कोणी गंमत म्हणून पाठवलं होतं?"

त्या वादात मी हरलो, पण पट्ट्या तूच शिवल्यास. चार पदरी मलमल, दोन्हीकडे बंद. मी तिथेही तुझ्या आड आलो, परदेशी मलमल कशाला, जाड देशी मांजरपाट वापर म्हणून. तू मांजरपाटाची एक शिवून माझ्याच तोंडाला बांधलीस आणि खंडाळ्याच्या चढावर चालायला लावलंस. अर्ध्या चढावर मी ती ओढून काढली. तू म्हणालीस, "तुमचं देशप्रेम तुमच्याच नाकाला झेपत नाही, भाऊजी. रोग्यांना कशाला त्रास?"

एक अडचण होती. पट्टीची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे एकदा काढल्यावर कळत नसे, आणि बाहेरची बाजू ओठांना लागली तर बांधून उपयोग काय? तू ट्रंक उघडलीस, तळाचं आलवण काढलंस आणि त्याचे धागे उसवायला बसलीस. प्रत्येक पट्टीला बाहेरच्या बाजूने लाल टाक्यांची एक ओळ. "लाल बाजू जगाकडे, पांढरी आपल्याकडे," असं तू सगळ्यांना शिकवलंस. नाना दारात उभे राहून बघत होते. तू मान वर न करता म्हणालीस, "नाना, बघताय काय? शेवटी त्याचा काहीतरी उपयोग झाला."

नाना दारातून वळले. बराच वेळ ओटीवर जाऊन बसले.

*

मावळातल्या माणसांनी पट्टीला लगेच आपलं नाव दिलं. मुसकं. मळणीच्या बैलाने दाणे खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. आपण वडिवळ्याला गेलो होतो तेव्हा पारावरून एकाने विचारलं, "बाई, मळणीला निगाला व्हय?"

"हो," तू म्हणालीस, "तुझा ताप खायचा नाही म्हणून बांधलंय. आणि माझा तुला खायला घालायचा नाही म्हणून. चल, जीभ दाखव."

पार हसला आणि त्याने जीभ दाखवली. मी त्या दिवशी घरी येऊन लिहिलं की जनतेला समजावण्याचं काम पत्रकंच करू शकतात. तू ते वाचून फक्त जीभ दाखवलीस.

चिमामावशी ही तुझी खरी परीक्षा होती. त्या वाडीतल्या सगळ्या बाळंतपणांना तिचे हात, सगळ्या आजाऱ्यांपाशी ती. नाडी तिला कळत नव्हती, पण कुठल्या झोपडीतून धूर निघाला नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. तिने पट्टी घेतली ती आनंदाने, आणि वापरली ती आपल्या पद्धतीने. मिश्री लावायची की खाली ओढायची, थुंकायचं की वर करायची. काढली की चंचीत, पानांच्या आणि तंबाखूच्या सोबतीला. आणि बांधली तरी नाक नेहमी बाहेर.

"नाक, मावशी, नाक," तू म्हणायचीस.

"व्हय बाई, व्हय," ती म्हणायची आणि नाक झाकायची. पुढच्या झोपडीत नाक पुन्हा बाहेर.

"मावशी, नाकाने श्वास घेतेस की कानाने?"

"नाकानंच घेते, म्हनून तर भायेर ठिवलंय!"

तू हसून हसून भिंतीला टेकली होतीस. मग तिच्या पाठीमागे जाऊन तिच्या बंदाची गाठ स्वतः बांधलीस, जशी आई मुलीची वेणी घालते. त्यानंतर प्रत्येक वेळी ती तुझ्याकडे पाठ करून उभी राहायची, आणि तू गाठ मारायचीस.

*

आता वखारवाल्यांचं घर.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. पहिल्यांदा लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात, नावाखाली दोन रेघा मारून. का खोडलं ते पुढे सांगतो.

त्यांची सून बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते आणि तिला ताप भरला होता. निरोप आला म्हणून आपण गेलो. तू दारातच पट्टी बांधलीस, हात धुवायला गरम पाणी मागितलंस. सासूबाई पाणी घेऊन आल्या. तुझ्याकडे बघून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाल्या, "बरं केलंत हो, बाई, तोंड झाकून आलात. घरात लेकुरवाळी आहे. मी म्हणतच होते, यांना बोलवायचं खरं, पण सकाळच्या प्रहरी तोंड कसं बघायचं?"

त्यांच्या आवाजात विष नव्हतं. हेच मला अजून सहन होत नाही. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. तू जंतूंसाठी बांधलेली पट्टी त्यांनी आपल्या शकुनाच्या खुंटीला टांगली, आणि वर तुझे आभार मानले.

तू हात धुतलेस, कोपरापर्यंत, सावकाश. आत गेलीस. मुलीच्या कपाळावर हात ठेवलास. तिने डोळे उघडले, आणि पट्टीवरचे तुझे दोन डोळे पाहून ती दचकली. मग तू मागे हात नेऊन गाठ सोडलीस. पट्टी खाली पडली. सासूबाई "अहो, अहो" करत राहिल्या. तू म्हणालीस, "आजी, मी नजर लावायला आले नाही. नीट बघून घ्या माझं तोंड. तुमच्या सुनेला औषध देणारं हेच तोंड आहे."

आणि तू वाकलीस. मुलगी खोकत होती. तू तिला उठवून बसवलंस, खांद्याला टेकवून औषध पाजलंस, बाळाला वेगळ्या खाटेवर ठेवायला सांगितलंस, पाजतानाच जवळ घ्यायचं आणि तेही तोंडाला फडकं बांधून. सगळं नेहमीसारखं. फक्त तुझं तोंड उघडं होतं, आणि ते इतकं शांत होतं की मला त्या क्षणी अभिमान वाटला. अभिमानच वाटला, वहिनी. भीती नंतर आली. रस्त्यावर आल्यावर.

"हे काय केलंस?" मी म्हणालो.

"तुमच्या नानांचं पत्रक वाचून दाखवलं."

"माझं पत्रक कुठे गेलं मग?"

"तेही बरोबर आहे."

"दोन्ही कशी बरोबर असतील?"

"तेच तर!" तू एकदम ओरडलीस. रस्त्यावर. "तेच तर विचारतेय मी तुम्हा दोघांना. माझ्या एका तोंडावर किती पत्रकं चिकटवणार?"

घराजवळ आल्यावर म्हणालीस, "चुकलं असेल, भाऊजी. पण आज ते बांधून ठेवणं मला जमलं नाही. उद्या नवी बांधते. उद्या भांडू."

*

दुसऱ्या दिवशी तू नवी पट्टी बांधून कामावर गेलीस, पण भांडण राहून गेलं. पुढे दोन-तीन दिवसांत तुझं अंग दुखू लागलं.

मी तेव्हापासून एकच हिशोब मांडतोय आणि तो सुटत नाही. त्या खाटेवर वाकलीस तेव्हाचा तो श्वास होता का? की वडिवळ्याच्या त्या म्हाताऱ्याचा, जो तुझ्या अगदी तोंडावर शिंकला होता? की दवाखान्याच्या ओसरीत रोगी दाटले होते त्या दिवसाचा? कोणाला सांगता येणार नाही. डॉक्टरसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "जंतूच्या अंगावर पत्ता लिहिलेला नसतो." पट्टी असूनही ताप आला असता, असंही ते म्हणाले. म्हणून मी हे लिहितानाही असं म्हणणार नाही की तू तिथेच मेलीस. मी एवढंच म्हणेन की तिथे पट्टी नव्हती.

अंथरुणात पडल्यावर पहिली गोष्ट तू केलीस ती म्हणजे स्वतःच्या तोंडाला पट्टी बांधलीस. आम्ही जवळ येणार म्हणून. श्वास लागला होता तरी काढू देत नव्हतीस. मी पाणी पाजायला आलो की तू ती तेवढ्यापुरती वर करायचीस, तोंड भिंतीकडे वळवून घोट घ्यायचीस, पुन्हा खाली. माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारायचीस, तुमची नीट बांधली आहे ना? मला तुझं भांडण हवं होतं. मी एकदा विषय काढलाही, "वहिनी, त्या दिवशी तू..." तू मान हलवलीस. "बरी झाले की."

एवढंच. तुझे शेवटचे शब्द काही थोर नव्हते. "बरी झाले की." त्यानंतर तू पाणी मागितलंस आणि त्यानंतर काही मागितलं नाहीस.

तुला बाहेर आणलं तेव्हा शेजारचे लांबूनच उभे होते. नाना पुढे झाले. त्यांचा हात तुझ्या पट्टीच्या बंदाकडे गेला. मला कळलं त्यांना काय हवंय. ज्या तोंडासाठी ते गावाशी भांडले ते त्यांना एकदा उघडं बघायचं होतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "नको, नाना." नानांनी हात मागे घेतला. म्हणाले, "राहू दे. तिने स्वतः बांधलंय. माझ्या सांगण्यावरून नाही आणि याच्याही नाही."

तशीच तू गेलीस. लोकांनी ते पाहिलं. आणि त्यातून ते वाक्य जन्माला आलं.

*

पहिले दोन दिवस माझ्या हातात फक्त विस्तव होता. वखारवाल्यांवर पत्रक लिहिलं. नावानिशी. गल्लीगल्लीत चिकटवणार होतो. पण आधी त्या सासूबाईंच्या तोंडावर वाचून दाखवायचं म्हणून तिकडे गेलो. पुढचं दार लावलेलं होतं. मागच्या अंगणात गेलो तर ती सून उन्हात बसली होती, फिकट, पण बसलेली. मांडीवर बाळ. तोंडाला पट्टी. लाल धाग्याची ओळ बाहेर.

मला पाहून ती उभी राहायला लागली. मी बस म्हटलं.

"त्यांची इथे खाली पडली होती," ती म्हणाली. "सासूबाई चुलीत घालत होत्या. मी घेतली, उकळून घेतली. त्यांनी सांगितलं होतं बाळाला घेताना बांधायला." मग घाबरत विचारलं, "लाल बाजू बाहेरच ना? की उलटं?"

"बाहेर," मी म्हणालो.

"मला त्यांचा चेहरा तेवढा आठवतो. बाकी त्या दिवसाचं काही आठवत नाही." तिने बाळाला सावरलं. "त्या बऱ्या आहेत ना आता?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी काय म्हणालो ते मला नीट आठवत नाही. पत्रक खिशातच राहिलं. त्या घराचं नाव छापलं तर त्याच घरात तिला राहायचं आहे, त्याच सासूच्या हाताखाली, ती पट्टी बांधून. म्हणून नाव खोडलं. माझा राग विझलेला नाही, एवढं त्या घराने लक्षात ठेवावं.

घरी येऊन नानांना सगळं सांगितलं. म्हटलं, घराचं नाव नाही घालत, पण वहिनीने पट्टी काढली होती हे छापतो.

नाना ताडकन उठून बसले. "डोकं फिरलंय तुझं? लोक काय म्हणतील ठाऊक आहे? विधवेचा माज म्हणतील. देवाने शिक्षा केली म्हणतील. इतकी वर्षं ज्या तोंडासाठी मी भांडलो, त्याला तू आपल्या हाताने काळं फासणार?"

"आणि नाही सांगितलं तर, नाना? पट्ट्या खुंटीला लटकतायत."

"सांग ना, पट्ट्या बांधा म्हणून सांग. तिचं कशाला?"

"तिचंच लोकांना दिसलंय. तिचंच सांगावं लागेल."

नाना भिंतीकडे तोंड करून निजले. मग खोकला सुरू झाला. मी दाराशी पट्टी बांधत उभा राहिलो आणि मला वाटलं, तू बरोबर होतीस. तू गेलीस तरी आम्ही बापलेक तुझ्याच तोंडावरून भांडतोय.

*

इथवर काल लिहून कागद मेजावर ठेवले होते. आज सकाळी पाहतो तर नाना ओटीवर बसून तेच वाचतायत. ताप नाही, मी कपाळ पाहिलं. शेवटचं पान ठेवून ते म्हणाले, "आलवणाच्या धाग्यांचं लिहिलंस, बरं केलंस. ते मला लिहिता आलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "छाप. पण आधी वाडीवर जा. चिमाला छापलेलं वाचता येत नाही. तू कागद जुळवत बसशील तोवर ती चार घरं फिरून येईल."

मी उकळलेल्या पट्ट्या डब्यात भरल्या आणि मळवलीला उतरून वर चढलो.

चिमामावशी अंगणात मिश्री लावत बसली होती. तोंड उघडं. मला पाहून तिचे डोळे भरले आणि लगेच आवाज चढला.

"आलास? बाईबिगर आलास? मुसकी घिऊन आला आसशील! न्हाई बांदायची मी. बाई मुसकं बांधून मेली. म्या माज्या डोळ्यानं बगितलं. मंग आमी कशापायी जीव घुसमटवायचा?"

"मावशी, ते अंथरुणात पडल्यावर बांधलं होतं तिने. आम्हाला लागू नये म्हणून."

"मंग पडली कशानं?"

"ते कोणालाच ठाऊक नाही. पण त्याच्या आधी एका घरात तिने काढलं होतं. रोगी खोकत होता आणि तिचं तोंड उघडं होतं."

मिश्रीचं बोट तोंडातच थांबलं. "बाईनी? काढलं? मला दिसभर नाक नाक करनारी ती! येडी व्हती का काय?" ती खरीच चिडली होती. "का म्हून काढलं?"

मी सांगितलं. सासूबाई काय म्हणाल्या ते, जसंच्या तसं. सांगताना मला वाटत होतं, आता ही काय म्हणते त्यावर सगळं आहे. ही जर म्हणाली की बाईचं चुकलं, तर गाव तेच म्हणेल. ही जर म्हणाली की बाईने बरोबर केलं, तर उद्या प्रत्येक जण पट्टी काढेल.

मावशीने चूळ भरली. पदराने तोंड पुसलं.

"म्हातारी आसं म्हनली?"

"हो."

"आन् बाईनी तिच्या म्होरं काढून दावलं?"

"हो."

"बरं केलं." मग तिने कपाळावर हात मारून घेतला. "बरं केलं, आन् लय वंगाळ केलं. काढायचं व्हतं तर भायेर येऊन काढायचं, म्हातारीच्या तोंडावर मारायचं! खोकनाऱ्या पोरीवर कशाला वाकली ती?" आणि मग ती रडली. तुझ्यावर रागावून, तुला शिव्या देत रडली. मला तुझ्या मरणानंतर पहिल्यांदा रडू आलं ते तिथे.

वहिनी, मला माझं उत्तर मिळालं. तुझं तोंड उघडं होतं याची मला लाज नाही, आणि ते उघडं नसतं तर कदाचित तू असतीस, हेही मी लपवणार नाही. लोक ज्याला जे हवं ते उचलतील. पण दोन्ही एकाच कागदावर असतील.

खालच्या झोपडीतून कोणी तरी हाक मारली. तिथे कालपासून ताप होता. मावशी उठली. चंचीतून आपली जुनी पट्टी काढली. तिला तंबाखूचा वास येत होता. मी डब्यातली स्वच्छ पुढे केली. तिने राखेने हात घासले, पाणी ओतून घेतलं, पट्टी तोंडाला लावली आणि सवयीने पाठ करून उभी राहिली. मी गाठ बांधली. मला तुझ्यासारखी घट्ट जमत नाही. दोनदा सुटली.

ती झोपडीच्या दाराशी पोहोचली तेव्हा मला दिसलं.

"नाक, मावशी, नाक."

"व्हय बाई, व्हय," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर ती दारात क्षणभर थांबली. मागे वळली नाही. तिने बंदाच्या कडेला धरून पट्टी नाकावर चढवली आणि वाकून आत गेली. आतून खोकल्याचा आवाज येत होता. लाल धाग्याची बाजू बाहेर होती.